पाच शब्दांभोवतीचं अवतरणचिन्ह

पहिल्या प्रस्तावाचं शीर्षक एकवीस शब्दांचं होतं. त्यात रोमँटिक कविता होती, निसर्ग होता, काळ, मृत्यू, कल्पनाशक्ती हे सगळे होते आणि शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शेपूट. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, “यातल्या किती कविता तू पुन्हा वाचल्यास? एकदा नाही म्हणत मी, पुन्हा.” मी गप्प. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “पुढच्या आठवड्यात एकच कविता घेऊन ये. आणि तिच्यातली तुला न कळलेली एक गोष्ट. कळलेली नको. ती सगळ्यांनाच कळलेली असते.”

इंग्रजी साहित्याच्या पदवीचं ते शेवटचं वर्ष. डिसर्टेशन दहा हजार शब्दांचं, हातात सात महिने. तोवर मी स्वतःला बरी विद्यार्थिनी समजत होते, आणि गुणपत्रिकेचंही तेच मत होतं.

पहिली दोन वर्षं धावण्यात गेली होती. चॉसरपासून निघायचं, एलिझाबेथच्या काळात थोडं थांबायचं, अठराव्या शतकातून घाईघाईने पाय काढायचा आणि परीक्षेच्या आधी व्हिक्टोरियाच्या काळाशी पोचायचं. उत्तर लिहिण्याचा एक साचा होता: काळाची पार्श्वभूमी, लेखकाची वैशिष्ट्यं, कथानकाचा सारांश, एखाद्या समीक्षकाचं वाक्य, समारोप. साचा इतका मजबूत की मूळ पुस्तक न वाचताही उत्तर त्यात नीट बसायचं. दोन जाडजूड कादंबऱ्यांवर मी अशी उत्तरं लिहिली आहेत. त्यातल्या एका उत्तराला वर्गात सर्वांत जास्त गुण पडले. ती कादंबरी मी पुढे सावकाश वाचली, तर उत्तरात जिच्या शोकांतिकेवर मी दीड पान खर्ची घातलं होतं ती बाई शेवटच्या प्रकरणात अगदी सुखात होती.

हा साचा पहिल्यांदा मोडला तो अनोळखी कवितांच्या तासाला. समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून तेरा कविता वाचायला दिल्या, त्यांनी काय काय लिहिलं ते गोळा केलं आणि १९२९ मध्ये त्याचं पुस्तक केलं. नाव झाकलं की चांगल्या चांगल्या कवींना मुलांनी झोडपून काढलं होतं आणि सुमार कवितांवर माना डोलावल्या होत्या. आमचे सर दर आठवड्याला तसाच एक कागद वाटायचे. नाव नाही, साल नाही, फक्त ओळी. साच्यातली पहिली तीन कलमं एका फटक्यात गेली. पार्श्वभूमी कुणाची सांगणार?

माझा पहिला कागद परत आला तेव्हा समासात एकच शब्द सात ठिकाणी लिहिलेला होता: ‘कुठे?’ मी लिहिलं होतं की कवितेत खिन्नता दाटून आली आहे. कुठे? लय संथ आहे. कुठे? कवीने निसर्गाचं मनोहारी चित्र रेखाटलं आहे. इथे ‘कुठे’च्या पुढे दोन प्रश्नचिन्हं होती. आठवडाभर मला त्या शब्दाचा राग होता. पुढे लिहिताना तो माझ्या आधीच कागदावर येऊन बसायला लागला. खिन्नता दाटली म्हणायचं तर कुठल्या शब्दाशी, कुठल्या स्वरापाशी, कुठे ओळ मोडल्यामुळे, हे दाखवता आलं पाहिजे. आणि दाखवायला गेलं की अनेकदा कळायचं, खिन्नता कवितेत नव्हती, मला त्या दिवशी जरा उदास वाटत होतं इतकंच.

बाकीच्या पेपरांबद्दल थोडक्यात. जुन्या इंग्रजीचा पेपर मी भीतीने घेतला नाही आणि आता पस्तावते. ज्यांनी घेतला ते ‘बेवुल्फ’ या जुन्या इंग्रजीतल्या महाकाव्याच्या एकमेव हस्तलिखिताच्या गोष्टी सांगायचे: १७३१ च्या आगीत त्याच्या कडा करपल्या, पुढे अक्षरं गळत गेली आणि काही शब्द तर केवळ १७८७ च्या सुमारास केलेल्या नकलांमुळे आज आपल्याला वाचता येतात. भाषाविज्ञान मला जमलं नाही. वसाहतोत्तर साहित्याचा पेपर आवडला, पण तिथे वाद इतके रंगायचे की पुस्तक उघडायचं राहून जायचं.

शेक्सपिअरच्या सेमिनारमध्ये मात्र एक गोष्ट घडली आणि तिने पुढचं सगळं ठरवलं. आम्ही ‘किंग लिअर’चा शेवट वाचत होतो. शेवटच्या चार ओळी माझ्या पुस्तकात एडगरच्या तोंडी होत्या आणि शेजारच्या मुलाच्या पुस्तकात अल्बनीच्या. आम्हाला वाटलं छपाईची चूक. चूक नव्हती. १६०८ च्या क्वार्टोत, म्हणजे लहान आकाराच्या सुट्या छापील प्रतीत, त्या ओळी अल्बनी बोलतो, १६२३ च्या फोलिओत, म्हणजे नाटकांच्या मोठ्या आकाराच्या एकत्रित ग्रंथात, एडगर. एकात आहेत अशा शेकडो ओळी दुसऱ्यात नाहीत. म्हणजे राज्य शेवटी कुणाच्या गळ्यात पडतं, हा प्रश्न कुठली प्रत हातात धरली यावर अवलंबून. मी दोन वर्षं ‘संहितेत असं म्हटलं आहे’ लिहीत आले होते. कुठल्या संहितेत, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. खरं तर पाठभेद हा शब्द मला नवा नव्हता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे शाळेत घोकलं होतं. पण ते हस्तलिखितांचं दुखणं, छापील इंग्रजी पुस्तकांना ते होत नाही, असा माझा भाबडा समज होता.

त्यामुळे मॅडमकडे नेण्यासाठी कविता शोधताना मी दोन दोन संग्रह शेजारी ठेवून वाचायला लागले. रोमँटिक कवी कीट्सची ‘ओड ऑन अ ग्रीशियन अर्न’ ही कविता १८१९ ची, पाच कडवी, पन्नास ओळी. पाठच होती म्हणा ना. शेवटचं कडवं आलं आणि मी अडखळले. एका पुस्तकात शेवटच्या दोन्ही ओळी अवतरणचिन्हात होत्या. दुसऱ्यात फक्त पहिले पाच शब्द: ‘ब्यूटी इज ट्रुथ, ट्रुथ ब्यूटी’. सौंदर्य म्हणजे सत्य, सत्य म्हणजे सौंदर्य. पुढचं ‘एवढंच तुम्हाला पृथ्वीवर ठाऊक आहे आणि एवढंच ठाऊक असायला हवं’ हे चिन्हाच्या बाहेर.

मी हे घेऊन गेले. “मॅडम, शेवटची दीड ओळ कोण बोलतंय, हे मला कळत नाहीये.”

“हं,” त्या म्हणाल्या. “आता बस.”

प्रश्न वरवर बारीक दिसतो. ‘अर्न’ म्हणजे अस्थी वगैरे ठेवायचं भांडं, आणि कवी अशा एका प्राचीन ग्रीक पात्राशी बोलतोय. पात्रावर चित्रं कोरलेली आहेत: बासरीवाला, प्रेयसीला कधीच न गाठू शकणारा प्रियकर, बळीला नेलं जाणारं वासरू आणि त्यामागे जाणारे गावकरी. शेवटी कवी पात्राला म्हणतो की आमची पिढी म्हातारपणात संपेल तेव्हाही तू असशील, माणसाचा मित्र होऊन त्याला म्हणत राहशील. काय म्हणत राहशील, ते आलं शेवटच्या दोन ओळींत. सगळंच पात्र म्हणत असेल तर ती एका निर्जीव वस्तूने माणसाला दिलेली शिकवण झाली, आणि पात्राला असं वाटणारच, त्याचं काय जातंय! पण पात्र फक्त पाच शब्द म्हणत असेल आणि बाकीचं कवी, तर कवी त्या पाच शब्दांवर शिक्का मारतोय. किंवा खांदे उडवतोय.

आता कागदपत्रं बघू. कवीच्या स्वतःच्या हातची प्रत शिल्लक नाही. भावाने आणि मित्रांनी उतरवून घेतलेल्या चार प्रती आहेत, त्यांत त्या पाच शब्दांभोवती अवतरणचिन्ह नाही. १८२० च्या सुरुवातीला ‘अ‍ॅनल्स ऑफ द फाइन आर्ट्स’ या नियतकालिकात कविता पहिल्यांदा छापली गेली, तिथेही नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये संग्रह निघाला आणि त्यात ते चिन्ह अवतरलं, पाच शब्दांपुरतं. मधल्या काळात, फेब्रुवारीत, कीट्सला रक्ताची गुळणी झाली होती. पुढच्या फेब्रुवारीत तो रोममध्ये वारला, वय पंचवीस. ते चिन्ह त्याने घातलं, प्रकाशकाच्या माणसांनी घातलं की छापखान्यातल्या कुणी? दोन्ही ओळींना कवटाळणारं चिन्ह तर नंतरच्या संपादकांचं.

मला वाटलं, सापडलं! याच्यावर कुणी लिहिलंच नसणार.

पुढचे दोन महिने मी ज्यांनी ज्यांनी याच्यावर लिहिलं होतं त्यांची यादी करत होते. कवी आणि समीक्षक टी. एस. एलियटने १९२९ च्या दान्तेवरच्या निबंधात ही ओळ म्हणजे सुंदर कवितेवरचा मोठा डाग असल्याचं म्हटलं होतं. क्लिअ‍ॅन्थ ब्रुक्स या समीक्षकाने १९४७ मध्ये त्याला उत्तर दिलं होतं: नाटकातल्या पात्राचं वाक्य जसं आपण त्या प्रसंगात तोलतो तसंच हे वाक्य तोला, उचलून तत्त्वज्ञान म्हणून भिंतीवर टांगू नका. उदाहरण म्हणून त्याने ‘किंग लिअर’मधलंच एक वाक्य घेतलं होतं, हे बघून मला उगाचच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आणि जॅक स्टिलिंजर नावाच्या संपादकाने १९७१ च्या पुस्तकाच्या परिशिष्टात, शेवटी कोण कुणाला बोलतंय, याच्या चार शक्यता व्यवस्थित मांडून ठेवल्या होत्या: कवी वाचकाला, कवी पात्राला, कवी पात्रावरच्या चित्रांना, पात्र वाचकाला. माझी वही बघते तर याच चार शक्यता मी दोन आठवडे खपून काढल्या होत्या. स्वतः शोधल्याच्या आनंदात शेजारी तारीखसुद्धा टाकली होती.

मॅडमकडे रडकुंडीला येऊन गेले. “सगळं बोलून झालंय, मॅडम.”

“ते कळायला तुला दोन महिने लागले हे बरं झालं. काही जणांना तीन वर्षं लागतात. तू काय करतेयस सध्या?”

सध्या मी एक लाजिरवाणी गोष्ट करत होते. इंग्रजीत विचार पुढे सरकेना म्हणून त्या कडव्याचं मराठी गद्य करून बघत होते. सांगायची हिंमत नव्हती, कारण मराठीतून समजून घेणं म्हणजे कच्चेपणाची खूण असं दोन वर्षं कुणी न सांगताही मनात बसलं होतं. पण पहिल्याच वाक्यात मराठीने मला धरलं. पात्राला ‘तू म्हणतोस’ म्हणायचं की ‘म्हणतेस’? इंग्रजी ‘दाउ’ला लिंगाची पर्वा नाही. कलश म्हटलं तर तो, आणि मग पहिल्याच ओळीत कवी त्याला नववधू म्हणतोय त्याचं काय करायचं? सुरई म्हटलं तर ती, पण सुरईत कुणी कुणाच्या अस्थी ठेवल्याचं ऐकिवात नाही. शेवटी ‘पात्र’ घेतलं आणि नपुंसकलिंगात आसरा शोधला. तिथेही ‘तू म्हणतंस’ हे कानाला खटकत राहिलंच.

मग ‘यी’. अख्ख्या कवितेत कवी पात्राला ‘दाउ’ म्हणतो, म्हणजे आपलं ‘तू’. शेवटच्या ओळीत अचानक ‘यी’ येतं, आपलं ‘तुम्ही’. कवी पात्राशीच बोलत असता तर शेवटच्या श्वासाला ‘तू’चं ‘तुम्ही’ कशाला करील? दुसऱ्या कडव्यात बासऱ्यांना मात्र त्याने ‘यी’ म्हटलंय, तेव्हा चित्रांची शक्यता उरते. पण मग ‘पृथ्वीवर’ कसं? चित्रं पात्रावर आहेत. हे सगळं समीक्षकांनी आधीच लिहिलेलं होतं, फरक इतकाच की ते त्यांना व्याकरणातून काढावं लागलं होतं आणि मला ते ऐकू येत होतं. एकाच माणसाला एका दमात तू आणि तुम्ही कुणी म्हणत नाही, चिडल्याशिवाय.

आणि मग ते ‘असं’.

इंग्रजीत ‘तू म्हणतोस’ आधी येतं आणि बोलणं सुरू होतं. ते कुठे संपलं हे सांगायला शब्द नाही, फक्त चिन्ह आहे. मराठीत शब्द आहे. “सौंदर्य म्हणजे सत्य, सत्य म्हणजे सौंदर्य, असं तू म्हणतोस.” हा ‘असं’ म्हणजे बोलण्याच्या शेवटी लावलेली कडी. मला तो वाक्यात कुठेतरी ठेवणं भाग होतं. पाच शब्दांनंतर ठेवला की पुढचं सगळं कवीचं. दोन्ही ओळींनंतर ठेवला की सगळं पात्राचं. इंग्रजी वाचक चिन्हाकडे काणाडोळा करून पुढे जाऊ शकतो, मला ती सोय नव्हती. हे मी मॅडमना एका दमात सांगितलं आणि आता त्या खूश होणार म्हणून थांबले.

“आणि ‘की’ वापरलास तर?”

“म्हणजे?”

“‘तू म्हणतोस की सौंदर्य म्हणजे सत्य, सत्य म्हणजे सौंदर्य, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे...’ कुठे संपलं?”

कुठेच नाही. ‘की’ दार उघडतो आणि बंद करत नाही. माझा सिद्धान्त जन्मल्यापासून चार मिनिटांत वारला. मी वही मिटली. मॅडम मात्र खरोखर खूश दिसत होत्या. “अगं, मग तुझ्याकडे दोन वाक्यरचना आहेत. त्या चार हस्तलिखित प्रती यातल्या कुठल्या रचनेच्या? आणि जुलैचा संग्रह?”

तिथे डिसर्टेशन सापडलं. चिन्ह नसलेल्या प्रतींतलं वाक्य ‘की’सारखं चालतं: बोलणं सुरू होतं आणि कुणाचं कुठे संपलं हे न सांगता कविता संपते. संग्रहातलं वाक्य ‘असं’सारखं चालतं, पाच शब्दांवर कडी लागते. आणि नंतरचे काही संपादक तीच कडी काढून दोन ओळींनंतर लावतात. ‘खरा वक्ता कोण’ या प्रश्नावर शंभर वर्षांचा वाद होता. मी तो सोडवणार नव्हते. प्रत्येक छपाईने वाचकासाठी परस्पर कुठलं वाक्य निवडून टाकलंय एवढंच दाखवणार होते. नव्या शीर्षकात आठ शब्द होते.

यानंतरही मी पुष्कळ वेळ वाया घालवला. सगळ्यांत जास्त दुसऱ्या प्रकरणात. साहित्य-सिद्धान्ताचा पेपर त्याच सत्रात होता आणि नव्या हत्याराचा हात शिवशिवत होता. विमसॅट आणि बिअर्डस्ली या अभ्यासकांनी १९४६ मध्ये म्हटलं होतं की लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही. रोलां बार्थने पुढे लेखकाचा मृत्यूच जाहीर केला. गंमत अशी की या फ्रेंच लेखकाचा निबंध आधी इंग्रजीत छापला गेला, १९६७ मध्ये, आणि फ्रेंचमध्ये वर्षभराने. मी तिघांनाही बोलावून चौदा पानं लिहिली. निष्कर्ष: लेखक मेलेला असल्यामुळे अवतरणचिन्ह कुणी घातलं हे महत्त्वाचं नाही.

“मग तू पहिल्या प्रकरणात चार प्रती कशाला मोजल्यास?” असं समासात आलं. बरोबरच होतं. मी एका प्रकरणात पुरावा गोळा करत होते आणि दुसऱ्यात त्याला दाराबाहेर काढत होते. चौदा पानांची चार झाली. त्या चार पानांत मी एवढंच म्हटलं की हेतू सापडत नसतानाही कुणीतरी चिन्ह घालतंच, आणि तो घालणारा मेलेला नसतो, तो संपादक असतो, पगारी. हे वाक्य मॅडमनी ठेवू दिलं, ‘पगारी’ खोडून.

कवीच्या चरित्रावरचं एक प्रकरण मात्र समूळ गेलं. तीन हजार शब्द. आजार, प्रेम, रोमचा प्रवास. लिहिताना माझा गळा भरून आला होता, त्यामुळे ते चांगलं असणार असं मी धरून चालले होते. त्यातली एकच गोष्ट तळटीपेत उरली, तीही कारण ती माझ्या विषयाची होती: कीट्सच्या डिसेंबर १८१७ च्या ज्या पत्रातला ‘निगेटिव्ह केपेबिलिटी’ (म्हणजे उत्तराची घाई न करता अनिश्चिततेत राहण्याची क्षमता) हा शब्दप्रयोग आम्ही प्रत्येक उत्तरात फेकायचो, त्या पत्राचीही मूळ प्रत नाही. भावाच्या विधवेने दुसरं लग्न केलं, त्या नवऱ्याने केलेली नक्कल आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांचा हा इतका लाडका शब्द आपल्यापर्यंत आला तो एका परक्या माणसाच्या हस्ताक्षरातून.

मग तो दिवस आला, जो आठवला की अजूनही कान गरम होतात. अंतिम मसुदा वाचून मॅडमचा निरोप आला, लगेच ये. पहिल्या पानावर, शीर्षकाच्या खाली, मी ते कडवं छापलं होतं. घाईत इंटरनेटवरून उचललेलं. त्यात दोन्ही ओळी अवतरणचिन्हात होत्या. आत पस्तीस पानं मी घसा फोडून सांगत होते की हे चिन्ह नंतरच्या संपादकांचं आहे, आणि उंबरठ्यावरच मी ते मखरात बसवलं होतं. मॅडम हसत होत्या, मला हसू येत नव्हतं. त्या रात्री प्रत्येक उद्धरण १८२० च्या संग्रहाच्या छायाप्रतीशी ताडून पाहिलं. आणखी चार चुका निघाल्या: दोन स्वल्पविराम, एक गायब डॅश, एक कॅपिटल अक्षर. वर्षभरापूर्वी यांना चुका म्हणण्याची अक्कल मला नव्हती.

ताडून पाहताना पहिल्या ओळीतल्या ‘स्टिल’वरही थांबले. ‘अजूनही’ की ‘निश्चल’? त्यापुढे स्वल्पविराम कल्पून वाचलं की ती वधू निश्चल होते, काढून वाचलं की ती अजूनही अस्पर्श राहते, म्हणजे पुढे काही घडायची धाकधूक तिच्यात येते. यावर एक परिच्छेद लिहायचा मोह झाला. शब्दमर्यादा संपली होती, आणि खरं सांगायचं तर मीही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले एक वयस्क सर होते. मी चार प्रती, दोन छपाया, ‘की’ आणि ‘असं’ हे सगळं तयार करून गेले होते. त्यांनी त्यातलं काही विचारलं नाही. माझी प्रत उघडून माझ्यापुढे ठेवली.

“शेवटच्या दोन ओळी मोठ्याने वाचा.”

मी वाचल्या. पाच शब्द झाल्यावर थांबले, नकळत, आणि उरलेलं थोड्या खालच्या आवाजात वाचलं.

“का थांबलात?”

कागदावर मी पस्तीस पानं निर्णय लांबवला होता. माझ्या श्वासाने तो परस्पर घेऊन टाकला होता, जुलैच्या संग्रहाच्या बाजूने. “सवयीने,” मी म्हणाले. “मी ती कविता आधी त्या छपाईत पाठ केली होती.”

“आता सवय सोडून वाचा.”

मी पुन्हा वाचलं, न थांबता, एका आवाजात. वाईट वाचलं, शेवटी दम पुरला नाही. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. सरांनी मान हलवली, ती होकाराची की नुसतीच, ते कळलं नाही. मग त्यांनी संदर्भसूचीचं पान उघडलं आणि बोट ठेवलं. “ब्रुक्स इथे १९४९ झालाय. प्रकरणात तुम्ही १९४७ लिहिलंय.”

१९४७ बरोबर होतं. मी पेन मागून घेतलं.